वेळेचीही वाटणी हवी

लहान मुलांची आई काही लिहू लागली की लोक तिला लेखाबद्दल नंतर विचारतात. आधी विचारतात, "एवढा वेळ कसा काढता हो मॅडम?" स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या दावतीत विचारतात, लेख वाचून फोन करणारेही विचारतात. प्रश्नात बहुतेकदा कौतुकच असतं. कधीकधी त्यामागे एक बारीकशी शंकाही असते, की मग मुलांकडे कोण बघतं? लिहिणाऱ्या बापाला हा प्रश्न विचारलेला मी तरी अजून ऐकलेला नाही.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय माझ्याकडे आहेत. घरात थोरला आठ वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या जगण्यातला आहे आणि त्यावरचे सल्लेही मला पाठ आहेत. पहाटे उठा. मुलं झोपल्यावर बसा. मोबाइल कमी बघा. सुट्टीत लिहा.

सल्ले चुकीचे नाहीत, पण ते देणाऱ्यांनी आमचं घड्याळ पाहिलेलं नसतं. मुलं झोपतात तेव्हा उद्याच्या डब्याची तयारी आणि तपासायच्या वह्या जाग्या असतात. शाळेचं काम आता वर्गात संपत नाही, ऑनलाइन माहिती भरण्याचं काम घरी येतं आणि निवडणूक आली की मतदार याद्याही येतात. सुट्टीचं म्हणाल, तर उन्हाळी सुट्टीत मुलंही घरीच असतात. त्यात आमच्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी बाईच्या डोक्यात पिंप आणि हंड्यांखेरीज दुसरं काही राहत नाही. एका हितचिंतकांनी सुचवलं, रमजानमध्ये तर पहाटेची शांतता आपसूक मिळते, तेव्हा लिहा. सहरीला घरात सगळ्यांत आधी कोण उठतं आणि सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, हे त्यांना आठवलं नसावं.

माझं म्हणणं साधं आहे. वेळ 'काढता' येतो ही समजूतच मुळात कच्ची आहे. दिवस चोवीस तासांचाच असतो. आईला लिहायला दोन तास मिळाले, तर त्या दोन तासांतली कामं कुणीतरी केलेली असतात. म्हणजे तो वेळ कुणीतरी दिलेला असतो. लहान मुलांच्या घरात लिहिण्याचा प्रश्न शिस्तीचा फार थोडा असतो. तो वाटणीचा प्रश्न असतो.

ही वाटणी आज कशी आहे ते सरकारनेच मोजलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया घरचं बिनपगारी काम करत होत्या, पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होतं. काम करणाऱ्या या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि जे पुरुष काम करत होते ते ९७ मिनिटं. मुलांची आणि आजारी-वृद्धांची देखभाल यात धरलेली नाही. ती वेगळी मोजली होती आणि तिथेही स्त्रियांची १३४ मिनिटं, तर पुरुषांची ७६ मिनिटं होती. पुढची पाहणी २०२४ मध्ये झाली. त्यात घरकामाचे आकडे आले २८९ आणि ८८. आधीचं अंतर २०२ मिनिटांचं होतं, आता २०१ मिनिटांचं आहे. पाच वर्षांत मिनिटभर फरक पडला. रोजचे हे तीन तास वीस मिनिटं जिथे अडकले आहेत, तिथे पहाटे उठण्याचा सल्ला कितीसा पुरणार?

शिवाय मिनिटांत न मोजलं जाणारंही काही असतं. लहान मुलांच्या आईला वेळ अजिबात मिळत नाही असं नाही. तिला तुकडे मिळतात. दहा मिनिटं इथे, पंधरा मिनिटं तिथे. त्या तुकड्यांतही तिचा एक कान मुलांकडे असतो. शेजारच्या खोलीत गडबड चालली आहे तोवर बरं, एकदम शांतता झाली की उठून बघावं लागतं. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली लिहिलं की बाईला लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी. शंभर वर्षं होत आली, ते म्हणणं आजही खरं आहे. फक्त वुल्फबाईंना मूल नव्हतं. चार वर्षांच्या मुलीपुढे बंद दार हे दार राहत नाही. ती बाहेरून विचारते, "अम्मी, क्या लिख रई?" आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहते.

आपल्या बायकांनी या अडचणीतून पूर्वी एक वाट काढली होती, ती म्हणजे गाणं. जात्यावर हात गुंतलेले असतात पण तोंड मोकळं असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. मूल मांडीवर घेऊन, दळण दळत बायकांनी एवढं मोठं साहित्य तयार केलं. आमच्या दख्खनी भाषेतही याला जोड आहे. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापुरात, आदिलशाहीच्या काळातल्या सूफी परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' नावाचे काव्यप्रकार होते. बायकांनी दळताना, सूत काढताना म्हणायची ही गाणी. मात्र एक फरक आहे. चक्कीनामे रचले सूफी पुरुषांनी, आणि बायकांनी ते गायले. ओव्या बायकांनी स्वतः रचल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना कुणी कागद दिला नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगते. १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातली काही लिहून ठेवली, म्हणून ती उरली. पुस्तक आलं १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर. मुलं हा किस्सा प्रतिभेची गोष्ट म्हणून ऐकतात आणि ती आहेच. मला त्यात दुसरी गोष्टही दिसते. कुणी टिपून घेतलं म्हणून एक बहिणाबाई आपल्यापर्यंत आली. टिपून घ्यायला कुणी नव्हतं अशा किती गेल्या, त्याची नोंद कुठेच नाही.

आज जातं गेलं, बाई शिकली, तिच्या हाती पेन आणि फोन आला. पण ओवीला हात मोकळे लागत नव्हते, लेखाला लागतात. पोळ्या लाटताना ओवी सुचेल, लेख लिहिता येणार नाही. त्यासाठी बसावं लागतं, आणि आई बसली की घर हलतं.

ज्यांना बसता आलं, त्यांच्या घराकडे नीट पाहावं. लाहोरहून १ जुलै १८९८ रोजी 'तहजीब-ए-निस्वाँ' हे उर्दू साप्ताहिक सुरू झालं. संपादक होत्या मुहम्मदी बेगम, वय अवघं वीस. उर्दूत नियतकालिकाचं संपादन करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पती सय्यद मुमताज अली यांच्या पहिल्या लग्नाची मुलं घरात होती आणि १९०० साली त्यांना स्वतःचा मुलगा झाला. तोच पुढे 'अनारकली' नाटकाचा लेखक इम्तियाज अली ताज म्हणून प्रसिद्ध झाला. तान्हं मूल, सावत्र मुलं, घर आणि साप्ताहिक, शिवाय कादंबऱ्या आणि बायकांसाठी उपयुक्त पुस्तकं, हे सगळं त्यांनी केलं आणि १९०८ मध्ये, तिशीतच त्या वारल्या. त्यांचं कर्तृत्व मोठं आहे यात शंका नाही. पण नवरा साप्ताहिकात भागीदार होता, छापखाना घरचा होता, लग्नानंतर बायकोचं पुढचं शिक्षण व्हावं यासाठी नवऱ्यानेच खटपट केली होती, हेही त्याच गोष्टीत आहे. आपण ते सांगायचं विसरतो आणि फक्त "बघा, तिने सगळं सांभाळून केलं" एवढंच मुलींना ऐकवतो.

'सांभाळून' हा शब्द मला नेहमी खटकतो. इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. १९४४ च्या डिसेंबरात लाहोरच्या कोर्टाचं समन्स मुंबईत त्यांच्या घरी आलं, तेव्हा मुलगी जेमतेम दोन महिन्यांची होती आणि बाई तिच्या दुधाच्या बाटलीत गुंतल्या होत्या. हा प्रसंग त्यांनीच पुढे मिस्कीलपणे लिहून ठेवला. तान्ह्या मुलीची आई कथाही लिहू शकते आणि कथेसाठी कोर्टाची पायरीही चढू शकते. मात्र अशी एखादी इस्मत दाखवून बाकीच्या आयांना "तुम्हाला का जमत नाही" असं विचारणं हा अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. लिहिणाऱ्या बाईला वेळ मिळतो तेव्हा तो बहुधा दुसऱ्या बाईकडून मिळतो. मुलांची दादी, नानी, एखादी खाला किंवा कामाला येणारी बाई. माझ्याकडेही मुलांच्या दादी आहेत म्हणून शाळेची नोकरी होते. पण सत्तरीतल्या बाईच्या गुडघ्यांवर माझा लेख उभा राहत असेल, तर मी वेळ काढला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका बाईचं ओझं दुसरीच्या डोक्यावर गेलं की वाटणी झाली असं होत नाही. ती बापापर्यंत गेली पाहिजे.

आमच्या समाजात वाटणी हा शब्द नवा नाही. कुरआनच्या सूरह निसामध्ये वारशाचे हिस्से सांगितले आहेत, त्यात मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. याचा अभिमान आम्ही भाषणांतून सांगतो. प्रत्यक्षात किती बहिणी भावांसाठी आपला हिस्सा सोडून देतात, हेही आम्हाला ठाऊक असतं. हक्कसोडपत्रावरची सही मराठी मुलखात हिंदू बहिणींनाही परकी नाही. वेळेचं तसंच आहे. बाई लग्नानंतर रोज सकाळी एका अदृश्य हक्कसोडपत्रावर सही करते आणि घर त्याला माया म्हणतं.

"पण आपल्यात पुरुष घरकाम करत नाहीत" असं ज्यांना वाटतं, त्यांनी बुखारीतली एक हदीस आठवावी. पैगंबर घरी काय करत, असं हजरत आयेशा यांना विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. नात उमामा हिला कडेवर घेऊन त्यांनी नमाज पढल्याचंही हदीसमध्ये आहे. मूल कडेवर घेतल्याने ज्यांचा मान कमी झाला नाही, त्यांच्या उम्मतीतल्या माणसाला मुलीचं नाक पुसायला कमीपणा वाटावा, हे माझ्या समजुतीपलीकडचं आहे.

सरकारी विचारही फार पुढे गेलेला नाही. राज्य शासनाने २०१८ साली महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, हे चांगलं झालं. त्याच आदेशात पुरुषाला ती कधी मिळेल? पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. आई धडधाकट असेल तोवर मूल तिचंच, असा याचा अर्थ होतो. विनाअनुदानित शाळेतल्या माझ्या मैत्रिणींचं तर याहून कठीण आहे.

यावर लोक सांगतात, "घाई कसली? मुलं मोठी झाली की लिहा." ऐकायला समजूतदारपणाचं वाटतं. पण काही गोष्टी तेव्हा लिहिता येणार नाहीत. माझी मुलगी परवा म्हणाली, "अम्मी, मांजर दूध सांड दी." दख्खनी बोलीत मराठी मांजर शिरलं, मराठी 'सांडणं' शिरलं, आणि वाक्य कुठेही अडखळलं नाही. अजून दोन वर्षांत शाळेत पुस्तकी उर्दू येईल, बिल्ली येईल, आणि हे वाक्य तिच्या तोंडून जाईल. घरी दख्खनी, पुस्तकात उर्दू, रस्त्यावर मराठी असं वाढणारं मूल भाषा कशी जुळवतं, हे तिची आई आत्ता जेवढं पाहते तेवढं कुठल्याही अभ्यासकाला दिसणार नाही. दहा वर्षांनी मलाही ते आठवणार नाही.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. मुस्लिम बाईबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. बुरखा, तलाक, शिक्षण यांवर चर्चा झडतात, तिच्या बाजूनेही आणि विरुद्धही. त्यात ती स्वतः मराठीत किती बोलते? पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली आमच्या सोलापुरातच भरलं. आमच्या लेखनाची ती मोठी सुरुवात होती. तरीही पालकसभेत अडखळत मराठी बोलणारी आई, मुलाच्या दाखल्यासाठी कचेरीत उभी असलेली आई, भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगून थांबणारी आई, ही मराठी वाचकाला अजून फारशी भेटलेली नाही. तिशी-चाळिशीतल्या बायकांनी "मुलं मोठी झाल्यावर" म्हणून पेन बाजूला ठेवलं, तर त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेलंच खरं मानलं जाईल. हा तोटा एका बाईच्या हौसेपुरता नाही.

राहिला मुलांचा प्रश्न. आई लिहिते म्हणून मुलांचं नुकसान होतं का? मी शिक्षिका म्हणून उत्तर देते. वर्गात मी मुलांना विचारते, घरात कोण लिहिताना दिसतं? अब्बा दुकानाचा हिशेब लिहितात, अम्मी किराण्याची यादी लिहिते, बाजी गृहपाठ करते. स्वतःच्या मनातलं कुणी लिहिताना त्यांनी पाहिलेलं नसतं. मग निबंधाच्या तासाला ती गाइडमधलं उतरवून काढतात, यात नवल नाही. आईला कागदावर खाडाखोड करताना पाहणारं मूल लेखनाचा पहिला धडा घरातच शिकतं. त्या वेळी बाप त्याला जेवायला वाढत असेल, तर आणखी एक धडा शिकतं.

मग करायचं काय? माझ्या घरातली व्यवस्था सांगते, कुणाला उपयोगी पडली तर पडो. रविवारी सकाळी दहा ते बारा आणि बुधवारी इशाच्या नमाजनंतर एक तास, हा वेळ माझा. हे घरात आधी बोलून ठरवलं आहे, शिकवणीची वेळ ठरवतात तसं. शिकवणीच्या बाईंना मध्येच कुणी "मीठ कुठे आहे" विचारत नाही, कारण तिथे फी असते. बिनपैशाच्या कामाला वेळ ठरवल्याशिवाय मान मिळत नाही. त्या तीन तासांत मुलं त्यांच्या अब्बांची. आम्ही याला मदत म्हणत नाही. मदत म्हटलं की काम माझंच राहतं आणि आभारही मीच मानायचे. तापाचं औषध कुठल्या कपाटात आहे, धाकटीला कोणता पेला लागतो, हे त्यांना माहीत असलं पाहिजे. विचारायला आत यावं लागलं, तर तो वेळ दिला असं होत नाही.

बाकीच्या युक्त्या लहान आहेत. सुचलेलं वाक्य फोनमध्ये बोलून ठेवते. जुन्या चाचणीच्या कागदांची कोरी बाजू स्वयंपाकघरात चिमट्याला अडकवलेली असते. लिहिणं थांबवताना पुढचं वाक्य अर्धं लिहून ठेवते, म्हणजे तीन दिवसांनी बसल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही. या युक्त्यांनी तुकडे जमतात. त्यांचा लेख मात्र त्या ठरलेल्या तीन तासांतच होतो.

घराबाहेरही काही करता येईल. वाचनालयांनी रविवारी मुलांसाठी गोष्टींचा तास ठेवावा आणि त्याच वेळी आयांना लिहिण्या-वाचण्यासाठी एक टेबल द्यावं. खर्च जवळजवळ काहीच नाही. साहित्य संमेलनं भरवणारे वाहनतळाची, चहापानाची, पुस्तकविक्रीची सोय काळजीने करतात. त्यात मुलांसाठी एक खोली आणि सांभाळायला दोन माणसं असावीत. स्त्रियांच्या लेखनावर परिसंवाद ठेवायचा आणि लिहिणाऱ्या स्त्रीने मूल कुठे ठेवायचं याचा विचार करायचा नाही, हे जुळत नाही.

तेव्हा यापुढे लिहिणारी आई भेटली तर "वेळ कसा काढता" असं तिला विचारू नका. तिच्या लेखाबद्दल विचारा, पटलं नसेल तर भांडा. आणि तो दुसरा प्रश्न तिच्या नवऱ्याला विचारा: तुम्ही वेळ किती देता? त्याला उत्तर देता आलं पाहिजे, मिनिटांत.